१५ पैशांचं पोस्टकार्ड

स्मरणिकेसाठी लेख मागवताना आपल्या संपादक मंडळाने ग्रुपवर एक सूचना टाकली होती : आठवणी जरूर लिहा, पण कोणी कोणाला खडू मारला याच्या पलीकडचंही काहीतरी लिहा. मी इतिहासावर लिहायचं ठरवलं. इंजिनिअरिंग शिकलेल्या आणि दिवसभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या बाईने इतिहास लिहायला घेतला हे कळल्यावर आपले इतिहासाचे सर नक्की म्हणतील, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

हे वाक्य आपण शाळेत किती वेळा ऐकलं असेल! सगळ्यांचा गृहपाठ पूर्ण निघाला की, मागच्या बाकावरून कोणी हात वर केला की, वर्ग गप्प बसला की. म्हणून तिथूनच सुरुवात करते. कारण सूर्य पश्चिमेला उगवताना एका मराठी माणसाने खरोखर पाहिला होता, आणि तो का उगवला हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगितलंही होतं. तो माणूस म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या दहावीला या वर्षी ३० वर्षं होतात आणि नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांचं एक देणं माझ्याकडे राहून गेलं आहे. ते इथे मांडते.

आधी तो सूर्य. तरुणपणी लंडनहून अमेरिकेला जाताना त्यांच्या विमानातून सूर्य मावळलेला दिसला. थोड्या वेळाने तोच सूर्य पश्चिमेच्या क्षितिजावर पुन्हा वर आला. यात चमत्कार कुठेच नव्हता. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरची जमीन तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, पण ध्रुवाकडे सरकावं तसा हा वेग कमी होत जातो. ६० अंश अक्षांशावर तो जवळजवळ निम्मा, म्हणजे ८३५ किलोमीटर उरतो. जेट विमान तासाला ९०० किलोमीटरने पश्चिमेकडे निघालं असेल, तर तिथे ते पृथ्वीच्या फिरण्यालाही मागे टाकतं. मग मावळलेला सूर्य पुन्हा डोकं वर काढणारच.

हे वाचलं तेव्हा मी आधी बिडकीनचं गणित केलं. आपलं गाव साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे आपली शाळा, बाजार, पैठण रस्ता आणि दोन्ही बाजूंचे मोसंबीचे बाग हे सगळं मिळून आपण तासाला जवळपास १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललो आहोत. संभाजीनगरच्या एस.टी.ची वाट बघत तासभर उभे राहायचो, तेव्हाही हा प्रवास चालूच होता. बिडकीनवरून सूर्य पश्चिमेला उगवलेला बघायचा, तर आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणारं विमान लागेल. आपल्या सरांना इतका भरवसा का होता, ते आता कळलं.

नारळीकरांचं हेच वैशिष्ट्य. विश्वाची उत्पत्ती हा त्यांचा अभ्यासविषय, पण सांगायला बसले की सुरुवात रोजच्या बोलण्यातल्या एखाद्या गोष्टीपासून.

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. बालपण आणि शिक्षण बनारसला, हिंदी मुलखात, मराठी ती घरातली. त्या घरातली एक हकिगत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकण्यासाठी त्यांच्याकडे राहायला आले होते. घरात फळा होता. त्यावर मामा एखादं अवघड गणित लिहून ठेवत आणि वर लिहीत की हे आव्हान जयंतला आहे. गणित सुटेपर्यंत, नाहीतर भाचा हार मानेपर्यंत, ते फळ्यावरून पुसलं जात नसे. येता-जाता, जेवायला बसता-उठता ते गणित समोर.

मला वाटतं, पुढचं सगळं त्या फळ्यात आहे. मामा उत्तर सांगत नव्हते, फक्त प्रश्न पुसू देत नव्हते.

१९५७ साली बनारसहून बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले. गणिताच्या परीक्षेत रँग्लर झाले आणि फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. १९६४ साली हॉईल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि तो जगभर गाजला. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा त्यांनी सत्ताविशीही गाठलेली नव्हती. १९७२ साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

तिथे असताना घडलेली गोष्ट आपल्या मराठीच्या बाईंना आवडेल. लोकांपर्यंत विज्ञान मराठीतून पोचवण्यासाठी १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांना कथा पाठवायची होती, पण आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप द्यायला नको होतं. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली, ना. वि. ज., आणि त्यातून 'नारायण विनायक जगताप' हे नाव तयार केलं. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग जगताप कोण ते उघड झालं. ज्या मंगलाताईंच्या अक्षराने हे गुपित राखलं, त्या स्वतः गणितज्ञ. २०१९ साली 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' म्हणायचं की नाही यावर घराघरात वाद झाले, ते पुस्तक करणाऱ्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या.

नाव झाकून तपासणी करायची ही सवय लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

नंतर 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तकं आली. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, या कल्पनेवरची त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात धडा म्हणून आहे. माझ्या मुलीला तो धडा होता. "आई, हे तुमच्याकडचे लेखक ना?" असं तिने विचारलं, तेव्हा मी उगाचच हो म्हटलं, जणू ते पैठण तालुक्यातले!

१९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था सुरू झाली. विद्यापीठांमधल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात संशोधन करता यावं म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने ती उभारली. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यश पाल हेही भौतिकशास्त्रज्ञ, आणि सामान्य माणसाच्या प्रश्नांना टी.व्ही.वरून उत्तरं देणारे. नारळीकर आयुकाचे संस्थापक संचालक. त्यांनी ती संस्था फक्त संशोधकांची ठेवली नाही. दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी सगळ्यांना दारं उघडी झाली. पुढे 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आली आणि अरविंद गुप्तांनी तिथे काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांतून खेळणी करून विज्ञान शिकवलं. विज्ञान लोकांपर्यंत नेल्याबद्दल दिला जाणारा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार नारळीकरांना १९९६ साली मिळाला. आपण दहावी झालो तेच हे वर्ष.

आता पोस्टकार्ड. व्याख्यान संपलं की मुलं सहीसाठी वह्या घेऊन त्यांच्याभोवती जमत. ते सही देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव. मी उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेलच. आणि ते खरंच पाठवत.

ही गोष्ट आपल्याला विज्ञानाच्या सरांनी नववीत सांगितली होती. आठवतं का? सर तासाच्या शेवटी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून चौकट करायचे आणि मॉनिटरला तेवढा भाग पुसू द्यायचे नाहीत. सरांना हुजूरबाजार मामांची गोष्ट माहीत होती की नाही, कोण जाणे. त्या दिवशी मी पोस्टात जाऊन १५ पैशांचं कार्ड आणलं. 'डॉ. जयंत नारळीकर, आयुका, गणेशखिंड, पुणे' असा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. प्रश्नाची बाजू मात्र कोरी राहिली.

प्रश्न नव्हते असं नाही. आड आटला तरी हापशाला पाणी कसं येतं? माठातलं पाणी गार का होतं, आणि पावसाळ्यात तेवढं गार का होत नाही? पण असले प्रश्न इतक्या मोठ्या माणसाला विचारायचे? त्यांना विचारायचं तर कृष्णविवराबद्दल विचारायला हवं, आणि कृष्णविवराबद्दल विचारण्याइतकंही मला काही येत नव्हतं. कार्ड भूगोलाच्या वहीत पडून राहिलं.

मग आलं १९९५, आपलं दहावीचं वर्ष. २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध पिऊ लागला. आपल्या गावातही रांगा लागल्या, डेअरीतलं दूध संपलं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात एक दगडी मूर्ती, चमचा आणि वाटीभर दूध घेऊन आले. कोणावर रागावले नाहीत, कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवली नाहीत. फक्त दुधात चिमूटभर हळद टाकली. चमचा मूर्तीला टेकवून किंचित कलता केला. दूध 'प्यायलं' गेलं, आणि पिवळा ओघळ मूर्तीच्या पोटावरून पायाशी आला. पृष्ठताणामुळे दुधाचा थेंब दगडाला चिकटतो, मागचं दूध ओढून घेतो आणि पातळ थराने खाली उतरतो. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, इतकंच. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनीही दुधात रंग मिसळून हेच दाखवलं होतं.

महिनाभराने, २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. उत्तर भारतात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. दूरदर्शनवर यश पाल समजावून सांगत होते आणि आमच्या घरी मोठी वहिनी खिडक्या लावलेल्या खोलीत बसून होती. तिला सातवा महिना होता. विळीला हात लावायचा नाही, पाणी प्यायचं नाही, कूस बदलायची नाही. सकाळची वेळ, त्यात तिला घशाला कोरड पडलेली. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं : सूर्याकडे थेट बघू नका, पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि जमिनीवर पडणारी त्याची प्रतिमा बघा. पुठ्ठा सापडेना. मी वहीतलं ते पोस्टकार्ड काढलं, मधोमध टाचणी टोचली आणि अंगणात धरलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर सूर्याची छोटी कोर उतरली. लिंबाच्या झाडाखाली तर पानांच्या फटींतून अशा शेकडो कोरी हलत होत्या.

आत जाऊन मी वहिनीला तांब्याभर पाणी दिलं. तिने आजीची चाहूल घेतली आणि घटाघटा पिऊन टाकलं. आम्ही दोघीही पुढे दोन महिने धास्तावलेल्या होतो, हे आज कबूल करते. कोर का पडते हे मला कळलं होतं, पण पाण्याचं कळलं नव्हतं. भाचा सुखरूप जन्मला. आता तो ऑरिकमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे.

विचारायचा प्रश्न तोच होता. 'ग्रहणात पाणी प्यायलं तर पोटातल्या बाळाला काही होतं का?' पोस्टकार्डावर तो मावला असता. पण कार्डाला भोक पडलं होतं आणि मला तो प्रश्न नारळीकरांच्या योग्यतेचा वाटला नव्हता. खरं तर त्यांनी तसाच प्रश्न मागितला होता.

न विचारलेला प्रश्न पुढे माझ्याकडेच परत आला. इंजिनिअर झाले, नोकरी लागली आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. माझ्या पत्रिकेत मंगळ निघाला. एका स्थळाने तर साखरपुड्याची तारीख ठरल्यावर नकार कळवला. अप्पा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. मी कामावर रोज दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासत होते : आत काय टाकलं, बाहेर काय आलं, शंभर वेळा चालवून बघितलं का? पण ज्या कागदामुळे अप्पांची मान खाली गेली, तो कधी कोणी तपासला आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

नारळीकरांना सुचलं. २००१ साली विद्यापीठांत ज्योतिष शिकवण्याची कल्पना पुढे आली तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला होता. पण विरोधावर ते थांबले नाहीत. २००८ साली त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. त्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि एकच प्रश्न विचारला : यातली हुशार मुलं कोणती? नावं झाकलेली, अगदी 'नारायण विनायक जगताप'सारखी. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर यायला हवीत. त्यांची सरासरी निम्म्यापर्यंतही पोचली नाही.

हा निष्कर्ष मी वाचला तेव्हा माझं लग्न होऊन मुलगी रांगायला लागली होती, म्हणून माझ्यापुरता तो उशिराच आला. पण जे भावलं ते त्यातलं सौजन्य. ज्योतिषांना शिव्या नाहीत, टिंगल नाही. तुमचा दावा आहे ना, चला, दोघं मिळून तपासू. आमच्या सरांच्या हळदीच्या दुधासारखंच.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मला हा माणूस पुरता कळला. स्वतःच्या क्षेत्रात नारळीकर आयुष्यभर अल्पमतात होते. विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. १९६५ साली विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाल्यावर ते मत आणखी पक्कं झालं. हॉईल आणि नारळीकरांना ते पटलं नाही. १९९३ साली त्यांनी जेफ्री बर्बिज यांच्यासह पर्यायी सिद्धान्त मांडला. तो फारसा स्वीकारला गेला नाही. ते चूक होते की बरोबर, हे ठरवायची माझी पात्रता नाही. पण 'सगळे म्हणतात म्हणून' हे कारण ज्याने विश्वाच्या उत्पत्तीबाबतही चालवून घेतलं नाही, तो शाळकरी मुलांना 'मी सांगतो म्हणून ऐका' असं कसं म्हणेल? म्हणून सही नाही, प्रश्न.

पुढे त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२३ साली मंगलाताई गेल्या आणि दोन वर्षांनी ते.

आता थोडं आपल्या मेळाव्याबद्दल. मेळावा मेमध्ये ठेवला म्हणून काहींनी उन्हाची तक्रार केली. पण १९-२० मेच्या सुमारास आपल्या गावात दुपारी बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वर्षातून दोनदाच असं होतं. दुसऱ्यांदा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पण तेव्हा ढग असतात. आणि मेमध्ये शाळेला सुट्टी असते, म्हणून आपल्यापैकी कोणी हे शाळेत पाहिलेलं नाही. नारळीकर गेले तो दिवसही नेमका त्यातलाच. हा निव्वळ योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवला तर त्यांनाच आवडणार नाही. पण मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी सगळ्यांनी शाळेच्या ध्वजस्तंभाजवळ या. सावली किती उरते ते मोजू. सर, पट्टी तुमच्या हातात.

दुसरी सूचना निधीबद्दल. शाळेच्या कमानीवर बॅचचं नाव कोरायचं यावर ग्रुपवर बहुमत झालं आहे. मी अल्पमतात आहे, पण मांडते. कमानीच्या खर्चातून थोडे पैसे पोस्टकार्डांसाठी ठेवू. कार्ड अजूनही चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे. शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक कार्ड द्यायचं, पाचवीपासून. प्रश्न कोणताही चालेल : हापशाचा, माठाचा, मोबाइलचा, पत्रिकेचा. आपल्यात डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, वायरमन आहेत, शिक्षक आहेत. ज्याला जे कळतं त्याने त्याचं उत्तर स्वतःच्या हाताने लिहायचं आणि खाली सही करायची. येत नसेल तर 'मला माहीत नाही, शोधून सांगतो' असं लिहून तरी सही करायची.

माझं भोक पडलेलं कार्ड अजून माझ्याकडे आहे. मेळाव्याला घेऊन येईन. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी आता वहिनीच्या पाण्याचा प्रश्न लिहिला आहे. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे, पण पहिलं कार्ड म्हणून ते शाळेच्या फळ्याशेजारी लावावं, म्हणजे पाचवीतल्या एखादीला आपला प्रश्न लहान वाटणार नाही.

– दहावी, १९९६ची एक विद्यार्थिनी